नेच्याचा निरोप आणि संत्र्याची फवारणी

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, गाव शेंदूरजनाघाट. आमच्याकडे संत्र्याची कलमं आणि फवारण्या हा बारमाही विषय. त्यामुळे जिबरेलिक ॲसिड, म्हणजे आपलं 'जीए', पोरासोरांनाही माहीत. आज त्याच जीएची दुसरी बाजू ऐका. नेच्यांची.

चिखलदऱ्याला पावसाळ्यात ओल्या दगडांवर दिसतात ना, ते नेचे. त्यांना फूल नाही, बी नाही. पानामागचे बारीक बीजाणू उडतात, आणि त्यातून आधी नखाएवढं हिरवं रोपटं उगवतं. नर व्हायचं की मादी, ते या वयात ठरतं. अन् बऱ्याच जातींत ते ठरवतो शेजारी!

१९५० मध्ये डॉप या जर्मन शास्त्रज्ञाला दिसलं, की आधी वाढलेली रोपटी एक पदार्थ बाहेर सोडतात आणि त्यानं लहान रोपटी नर होतात. पुढे कळलं, की काही नेच्यांत हा पदार्थ जिबरेलिनच्याच घराण्यातला आहे.

२०१४ मध्ये जपानी संशोधकांनी लायगोडियम या वेलीसारख्या नेच्यात त्याची युक्ती उलगडली. मोठं रोपटं हार्मोन अर्धवटच बनवतं आणि सोडून देतं. त्या अवस्थेत तो कामाचा नसतो, पण शेजाऱ्यात सहज शिरतो. लहान रोपटं उरलेलं काम करतं, खरा जिबरेलिन तयार होतो आणि नर अवयव फुटतात. आमच्या भाषेत सांगायचं तर कुलूप लावलेला मेसेज, आणि चावी फक्त समोरच्याच्या फोनमध्ये. फायदा असा, की दोन वेगळ्या रोपट्यांचा संकर होतो.

आता हे संत्र्याला कुठं लागतं? राजेहो, इथं लागतं: हार्मोन म्हणजे खत नाही, निरोप आहे. तो कोणाला आणि कोणत्या वेळी मिळतो, त्यावर अर्थ बदलतो. फळ धरल्यावर जीए दिला तर गळ कमी व्हायला मदत होते. तोच आंबिया बहाराच्या आधी, झाड ताणावर असताना दिला, तर फुलाच्या जागी पालवी फुटते. एका चुकीच्या वेळेत वर्षाचा बहार कमी!

मापही तसंच. १०० लिटर पाण्यात दीड ग्रॅम म्हणजे १५ पीपीएम. इथं 'थोडं जास्त टाकू' चालत नाही.

तेव्हा घरून फोन आला, "जीए मारू का?", तर आधी विचारा, "बाबा, झाड आत्ता कोणत्या अवस्थेत आहे?"

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!