परिषदेतील मोकळा तास
(वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



या सभागृहात बसलेल्या अनेक कुटुंबांतील मुलेमुली आज अमेरिकेतील विद्यापीठांतून संशोधन करीत आहेत. वर्षातून एकदोनदा ती परिषदांना जातात व तेथे आपले निबंध वाचतात. परिषदेच्या नोंदणी अर्जात सत्रांच्या यादीखाली एक लहानसा रकाना असतो, 'ऐच्छिक कार्यक्रम'. सकाळची योगासने, विद्यापीठाच्या आवारातील फेरफटका, पोहणे, अर्ध्या तासाचे ध्यान, सायंकाळचे संगीत असे त्याचे स्वरूप असते. या रकान्यापुढे खूण करावी की नाही, एवढाच माझ्या बोलण्याचा विषय आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु आपली बहुतेक मुले ती खूण करीत नाहीत, आणि त्यामागील कारणे किरकोळ नाहीत.

पहिले कारण आपल्याच घरात आहे. मुलगा जरा स्वस्थ बसलेला दिसला की बाबासाहेबांच्या अठरा-अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला आपण त्याला देतो. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी केलेल्या परिश्रमांचे मोल कोण नाकारील? शिष्यवृत्ती मुदतीची होती आणि मागे उभा असलेला समाज वाट पाहत होता. परंतु त्याच बाबासाहेबांच्या चरित्राचे दुसरे पान आपण मुलांना वाचून दाखवीत नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखान्यांतील कामगारांना पगारी रजा देणारी १९४५ ची दुरुस्ती त्यांच्याच कारकिर्दीतली. बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे १९४६ चे विधेयकही त्यांनीच मांडले. फुरसतीवाचून मनुष्याला सुसंस्कृत जीवन लाभत नाही, असा विचार त्यांनी आपल्या १९४५ च्या ग्रंथात मांडला आहे. उत्तर आयुष्यात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते. ज्यांनी गिरणीतल्या मजुराला विश्रांतीचा हक्क मिळवून दिला, त्यांचे नाव घेऊन आपण आपल्या मुलांची विश्रांती हिरावून घ्यावी, हे योग्य नव्हे.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. सत्रात प्रश्न निबंधावर विचारले जातात. चहाच्या टेबलावर मात्र भारतातून आलेला एखादा सहभागी आडनाव विचारतो, गाव विचारतो, घरात काय शिजते ते विचारतो. त्या चौकशीचा रोख आपल्या मुलांना चांगला ठाऊक असतो. म्हणून ती सत्र संपताच खोलीवर जातात. त्यांना मी भित्री म्हणणार नाही. परंतु यात त्यांचे नुकसान किती होते, ते पाहिले पाहिजे. ज्यांच्या घरात दोन पिढ्या प्राध्यापक आहेत, त्यांना विद्याक्षेत्रातील ओळखी घरबसल्या मिळतात. आपल्या मुलांना त्या मिळण्याची जागा म्हणजे हाच मोकळा तास होय. पुढील मार्गदर्शक, ग्रंथाचा संपादक, रिकाम्या पदाची वार्ता हे सारे पुष्कळदा चालता चालता भेटते.

उदाहरणादाखल कोलंबियाचेच आवार घेऊ. परिषदेच्या धावपळीत एक तास काढला तर तेथे काय पाहता येईल? लो ग्रंथालयाच्या रुंद पायऱ्यांवर 'आल्मा माटर' ही विद्यामातेची मूर्ती आहे. तिच्या वस्त्राच्या चुण्यांत एक घुबड दडलेले आहे आणि नवे विद्यार्थी ते शोधीत असतात. तेथून थोड्याच अंतरावरील लेहमन ग्रंथालयात बाबासाहेबांचा अर्धपुतळा आहे. ब्रिटनमधील आंबेडकरी व बौद्ध संघटनांच्या महासंघाने तो विद्यापीठास भेट दिला. पश्चिमेस उतरले की हडसन नदीकाठचे रिव्हरसाइड उद्यान लागते. त्याच्या कडेने दक्षिणेकडे १०५ व्या रस्त्यापर्यंत चालत गेल्यास जपानी बौद्धांच्या विहारासमोर आचार्य शिनरान यांचा पुतळा दिसतो. हा पुतळा पूर्वी हिरोशिमात होता. १९४५ च्या अणुबाँबमधून तो वाचला आणि १९५५ मध्ये येथे आणला गेला. प्रवेशाचे नियम आधी विचारून घ्यावेत. बाकी या फेरफटक्याला पायांखेरीज कशाचाही खर्च नाही.

आवाराच्या पूर्वेस मात्र मुद्दाम जावे. तेथे उंच कड्याखाली मॉर्निंगसाइड उद्यान आहे आणि त्यापलीकडे हार्लेम ही कृष्णवर्णीयांची प्रसिद्ध वस्ती. या सार्वजनिक उद्यानाच्या जागेत विद्यापीठाने १९६८ मध्ये भव्य व्यायामशाळा बांधावयास घेतली. विद्यापीठातील मंडळींसाठी प्रवेश वरच्या बाजूने होता. हार्लेमच्या रहिवाशांना इमारतीचा लहानसा भाग आणि खालच्या बाजूचा वेगळा दरवाजा मिळणार होता. व्यायाम, पोहणे, आरोग्य हे सारे चांगलेच होते; तरीही लोकांनी त्या दोन दरवाजांचा अर्थ ओळखला. दक्षिणेतील वर्णभेदी कायद्यांच्या 'जिम क्रो' या नावावर श्लेष करून त्यांनी तिला 'जिम क्रो व्यायामशाळा' ठरविले. एप्रिल १९६८ मध्ये विद्यार्थी आणि हार्लेमचे रहिवासी उठले, इमारती ताब्यात घेतल्या गेल्या आणि अखेर ते बांधकाम सोडून द्यावे लागले. खणलेल्या खड्ड्याचे पुढे तळे झाले. त्यात आज धबधबा पडतो आणि कोणीही त्याच्या काठी बसू शकतो.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्यांच्या रक्तात आहे, त्यांना या तळ्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. विरंगुळ्याची जागा ही कधीच क्षुल्लक नसते. पाणी, उद्यान, व्यायामशाळा येथे कोण कोणत्या दाराने जातो, यावरून समाजाची परीक्षा होते. आपल्यासाठी दार उघडे असताना आपणच बाहेर राहिलो, तर ते दार उघडण्यासाठी झगडलेल्यांच्या श्रमांचे काय?

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे की, त्या रकान्यापुढे निदान एक खूण करा. चार कार्यक्रमांना धावण्याची आवश्यकता नाही. आपल्याला रुचेल तो एक निवडा आणि शक्य तर एखादा सोबती घेऊन जा. आडनावाची चौकशी झालीच तर उत्तर द्यावे की देऊ नये, हा निर्णय तुमचा आहे. मात्र तेथून उठून जाण्याचा निर्णय त्या विचारणाऱ्याच्या हाती देऊ नका.

आपल्यापैकी काही जण आता स्वतः परिषदा भरवितात. त्यांनाही चार गोष्टी सुचवितो. ऐच्छिक हा शब्द खरा असू द्या. जो येणार नाही त्याची नोंद ठेवू नका व कारण विचारू नका. शुल्क शक्यतो लावू नका, कारण विद्यार्थी प्रथम तेथेच गळतात. पोहण्याच्या किंवा आसनांच्या वेळेबरोबर कोणता पोशाख लागेल तेही कळवा, आणि वृद्धांना व अपंगांना झेपेल असा एक कार्यक्रम अवश्य ठेवा. लहान मुलांची व्यवस्था केली नाही, तर मातांचा मोकळा तास कागदावरच राहतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परिषदेचे वर्तनाचे जे नियम सभागृहात लागू असतात, ते बागेत आणि भोजनाच्या टेबलावरही लागू आहेत, असे लेखी जाहीर करा.

ध्यानाच्या सत्राविषयी एक शब्द. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत तणावनिवारणाचा जो वर्ग सुरू केला, त्यातून अशा सत्रांचा प्रसार झाला. त्याचे मूळ बौद्ध साधनेत आहे. तेव्हा आपल्या मुलांनी ते परके मानू नये. परंतु थकलेल्या माणसाला श्वासावर लक्ष द्यावयास सांगून कामाचे ओझे मात्र तसेच ठेवणे, हा त्या साधनेचा हेतू नव्हे. कार्यक्रमपत्रिकेत दोन सत्रांच्या मध्ये मोकळी वेळ ठेवणे, हे अर्ध्या तासाच्या ध्यानाइतकेच आवश्यक आहे.

पालकांना शेवटची विनंती. या वर्षी मुलगी परिषदेहून घरी आली की निबंध कसा झाला, हे अवश्य विचारा. त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारा, 'मोकळ्या वेळात कुठे गेली होतीस, कोणाशी बोललीस?' तो प्रश्न आपण विचारू लागलो, की ती खूण करावयास आपली मुले बिचकणार नाहीत.