प्रांगणातील शारदोत्सव आणि नित्य साधना

(कोजागिरी पौर्णिमेनिमित्त झालेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा पाठ)



पावसाळा सरला आणि आकाश निवळले की आपल्या विद्यापीठांची प्रांगणे जागी होतात. मैदानावर फक्कीच्या रेषा आखल्या जातात, खो-खोचे खांब रोवले जातात. सभागृहाच्या मागच्या खोलीत एकांकिकेच्या तालमी रात्री उशिरापर्यंत रंगतात. वसतिगृहाच्या गच्चीवर कोणी पखवाज लावीत असतो, तर कोणी वक्तृत्व स्पर्धेचे भाषण घोकत असतो. शरद ऋतू आणि उत्सव यांचे हे नाते आजचे नाही. वैदिक ऋषींनी दीर्घायुष्य मागितले ते शंभर शरदांचे. ज्या समाजाने आयुष्याची मोजदाद या ऋतूने केली, त्याच्या तरुणाईचे मनही याच काळात बहरावे, यात नवल नाही.

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात पहिल्या नाट्यप्रयोगाची कथा आहे. तो प्रयोग इंद्रध्वज महोत्सवात झाला. हा महोत्सव भाद्रपदातला, म्हणजे शरदाच्या उंबरठ्यावरचा. त्या प्रयोगात विघ्ने आली, नटांची वाणी आणि गती कुंठित झाली आणि मग इंद्राने ध्वजाचा दंड हाती घेऊन विघ्नांचे निवारण केले, असे ती कथा सांगते. या कथेत एक मर्म दडलेले आहे. कला ही केवळ करमणूक नसून संरक्षण करण्यायोग्य अशी समाजाची ठेव आहे, हे आपल्या पूर्वजांनी प्रारंभीच जाणले होते. म्हणूनच भरतांनी आधी शंभर पुत्रांना शिकविल्याचे आणि पुढे रंगमंडप बांधला गेल्याचे, पूजाविधी झाल्याचे वर्णन येते. प्रयोग एका दिवसाचा, तयारी मात्र प्रदीर्घ!

स्वतंत्र भारतानेही ही परंपरा नव्या रूपात स्वीकारली. 1954 साली नवी दिल्लीच्या तालकटोरा उद्यानात पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. पुढे भारतीय विद्यापीठ महासंघाने संगीत, नृत्य, नाट्य, साहित्य आणि ललित कला अशा पाच विभागांत युवक महोत्सवांची रचना बसविली. महाराष्ट्रात 2003 पासून ‘इंद्रधनुष्य’ हा राज्यस्तरीय आंतरविद्यापीठ महोत्सव सुरू झाला. क्रीडाक्षेत्रात 2020 साली भुवनेश्वर येथे पहिल्या ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा झाल्या आणि नंतरच्या स्पर्धांत मल्लखांब व योगासन यांनाही स्थान मिळाले. महाराष्ट्राच्या 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी विकास मंडळ आणि क्रीडा मंडळ यांना वैधानिक अधिष्ठान दिले. म्हणजे व्यवस्था आहे, व्यासपीठे आहेत, निधीही आहे. मग प्रश्न उरतो तो कोणता?

या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी एक घटना 2022 साली पुण्यात घडली. महाराष्ट्रीय कलोपासक ही 1937 साली स्थापन झालेली संस्था. ती 1963 पासून ‘पुरुषोत्तम करंडक’ ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा घेते. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भरत नाट्य मंदिरात घुमणाऱ्या घोषणांनी पुण्यातल्या कित्येक पिढ्या भारावून गेल्या. त्या वर्षीच्या अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी एकाही एकांकिकेला करंडकास पात्र मानले नाही. करंडक कोणालाच दिला गेला नाही.

यावर मोठी चर्चा झाली. कोरोनाच्या संकटातून नुकत्याच सावरलेल्या मुलांवर हा अन्याय आहे, असे काहींनी म्हटले. स्पर्धा म्हटली की कोणीतरी पहिला येणारच, मग करंडक का अडवावा, असाही युक्तिवाद झाला. या भावना समजण्याजोग्या आहेत. महिना-दीड महिना घाम गाळलेल्या मुलांच्या डोळ्यांतील पाणी खोटे नसते. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. करंडक हे आलेल्यांतील पहिल्याचे बक्षीस आहे की एका दर्जाचे मानचिन्ह आहे? गुरूने शिष्याला ‘अजून नाही’ असे सांगणे हीदेखील आपल्या परंपरेत कृपाच मानली जाते. शाबासकी स्वस्त झाली की साधना महाग वाटू लागते.

आज महाविद्यालयांत कार्यक्रमांचा सुकाळ आहे. मात्र त्यांतील पुष्कळसे कार्यक्रम विद्यार्थ्यांसाठी असतात, विद्यार्थ्यांचे नसतात. प्रायोजक येतो, मंडप आणि ध्वनियंत्रणा भाड्याने येते, गायकही बाहेरून येतो. विद्यार्थी केवळ प्रेक्षक होऊन भ्रमणध्वनीवर चित्रीकरण करीत उभा राहतो. ज्याने पडदा ओढला नाही, सतरंजी उचलली नाही, खर्चाचा हिशेब लिहिला नाही, त्याला त्या उत्सवाने काय दिले? उलट, ज्या एकांकिकेत मुलांनी स्वतः लाकडी चौकटी ठोकून नेपथ्य उभारलेले असते, तिला पारितोषिक मिळो न मिळो, त्या मुलांच्या आयुष्याला वळण लागते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार आता पदवीच्या अभ्यासक्रमात क्रीडा, कला, राष्ट्रीय सेवा योजना यांसारख्या उपक्रमांना श्रेयांक मिळू लागले आहेत. हे पाऊल स्वागतार्हच आहे. मैदान आणि रंगमंच हे अभ्यासाचे शत्रू नसून अभ्यासाचाच भाग आहेत, ही गोष्ट यामुळे व्यवस्थेने मान्य केली. तथापि येथे सावधही राहिले पाहिजे. श्रेयांकासाठी नाव नोंदवायचे, प्रमाणपत्रापुरते यायचे आणि सही होताच निघून जायचे, अशी वृत्ती बळावली तर एका चांगल्या योजनेचा केवळ सोपस्कार होईल.

निष्ठेने केलेले काम किती दूर पोहोचते, याचे उदाहरण विदर्भात आहे. अमरावतीला 1914 साली वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. देशी व्यायामाची कुचेष्टा होण्याचा तो काळ. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगासमोर सादर केली. तेथून पुढे अनेक दशके गावोगावच्या आखाड्यांनी, शाळांनी आणि महाविद्यालयांच्या मैदानांनी हे खेळ जिवंत ठेवले. जानेवारी 2025 मध्ये नवी दिल्लीत पहिली खो-खो विश्वचषक स्पर्धा झाली. पुरुष आणि महिला अशी दोन्ही अजिंक्यपदे भारताने मिळविली, आणि दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते: प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्या विजयाच्या मागे वर्षानुवर्षे मातीत रोज संध्याकाळी झालेला सराव उभा आहे.

विद्यापीठाचे प्रांगण हे संकल्पाचेही स्थान आहे. 1905 च्या दसऱ्याला पुण्यात विदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्यासाठी त्यांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृह सोडावे लागले. त्या तरुणाने सीमोल्लंघनाचा अर्थ सोने लुटण्यापुरता ठेवला नाही. सणाला त्याने काळाशी जोडले. आजच्या तरुणापुढचे सीमोल्लंघन वेगळे आहे. आपली जात, आपली भाषा, आपली शाखा, आपला गट या सीमा ओलांडून भारत समजून घेणे, हे ते सीमोल्लंघन होय. 1966 साली सुरू झालेल्या अंतरराज्य छात्र जीवन दर्शन प्रकल्पाने ईशान्य भारतातील विद्यार्थ्यांना देशभरच्या घरांत पाहुणे म्हणून नव्हे, तर घरचे म्हणून राहण्याची संधी दिली. युवक महोत्सवातही हेच घडू शकते. बिहू नाचणारी आसामी मुलगी आणि लावणी सादर करणारी मराठी मुलगी एकाच खोलीत वेशभूषा करतात, एकमेकींच्या केसांत फुले माळतात, तेव्हा एकात्मतेवर निराळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

1925 च्या विजयादशमीला नागपुरात डॉ. हेडगेवारांनी संघकार्याचा आरंभ केला. 2025 मध्ये त्याला शंभर वर्षे पूर्ण झाली. संघाचे उत्सव वर्षातून सहा. शाखा मात्र रोजची. संघाची शक्ती त्या रोजच्या एका तासात आहे. हेच सूत्र महाविद्यालयीन जीवनालाही लागू पडते. महोत्सव हा मंदिराचा कळस होय. पाया रोजच्या रियाजाचा, रोजच्या घामाचा असावा लागतो.

यासाठी तिघांनी आपापला वाटा उचलावा लागेल. महाविद्यालयांनी सभागृह आणि मैदान वर्षभर खुले ठेवावे. केवळ संघनिवडीच्या आठवड्यात कुलूप काढून भागणार नाही. खेड्यातून आलेला, शहरी भाषेला बुजणारा विद्यार्थी शेवटच्या बाकावर राहून जातो. त्याच्या कंठातील भारूड आणि पोवाडा शोधून काढणे हे शिक्षकांचे काम आहे. विद्यार्थ्यांनी पारितोषिकापेक्षा परीक्षकाच्या परखड शब्दांचे मोल अधिक मानावे. आणि पालकांनी? दहावीचे वर्ष आले की खेळ बंद, बारावी आली की गाणे बंद, ही आपल्या मध्यमवर्गीय घरांतील रीत आता थांबविली पाहिजे. गुणपत्रिका पहिल्या नोकरीपर्यंत साथ देते. हरल्यावर पुन्हा उभे राहण्याची मैदानावरची सवय जन्मभर साथ देते.

आज कोजागिरी. या रात्री लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा आहे. जागणे म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवणे नव्हे. हा प्रश्न उद्या महाविद्यालयाच्या मैदानावर आणि रंगमंचामागच्या अंधाऱ्या खोलीतही विचारला जाणार आहे. तेथे टाळ्यांची वाट न पाहता सराव करीत असलेला एक जरी विद्यार्थी ‘मी जागा आहे’ असे उत्तर देऊ शकला, तरी हा शारदोत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

॥ भारत माता की जय ॥