रिकामी टाकी, भरलेला धोका

नेर तालुक्यातील कोरडवाहू शेतीत ऐन पेरणीला जुना ट्रॅक्टर बंद पडला, तर वाफसा हातचा जातो. अर्धवट भरलेल्या टाकीतील दमट हवेचे रात्रीच्या गारव्याने पाणी होते. ते डिझेलखाली साचून पत्रा गंजवते व गंजाने फिल्टर तुंबतो. यास्तव उन्हाळ्यातच टाकी उतरवून रिकामी करावी. आत बारीक खडी व थोडे डिझेल घालून ती हलवावी. गंज सुटल्यावर स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावी. बारीक छिद्रे डिझेलला टिकणाऱ्या इपॉक्सी लेपाने बुजवावीत. गावच्या दुकानात अशा टाकीवर वेल्डिंग मात्र करू देऊ नये. रिकाम्या टाकीतही डिझेलची वाफ उरते. एका ठिणगीने स्फोट होऊन कारागिराचा प्राण जाऊ शकतो. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी एवढी गोष्ट घरोघरी पोहोचवावी.