क्रीडासंघाची वर्गणी

वर्गणी हा शब्द पुण्याला नवा नाही, आणि कसबा पेठेला तर मुळीच नाही. १८९३ साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि मानाचा पहिला गणपती याच पेठेतला. भाद्रपद जवळ आला की पावतीपुस्तकं घेतलेली पोरं तांबट आळीपासून कुंभारवाड्यापर्यंत दारोदार हिंडतात. थोडी कुरकुर होते, थोडी घासाघीस होते, पण रिकाम्या हाताने सहसा कुणी परत पाठवीत नाही. हाच गृहस्थ, आपला मुलगा बाराही महिने ज्या संघात कबड्डी नाहीतर खो-खो खेळतो, त्या संघाची महिन्याची वर्गणी द्यायला मात्र विसरतो. मुद्दाम नव्हे. त्याला वाटतं, मातीत खेळायला पैसे कसले?

एके काळी या म्हणण्यात तथ्य होतं. तालमीचा हौदा घ्या. माती खणायची, चाळायची, तीत तेल, ताक, हळद घालायची, हे सगळं पठ्ठेच करीत. वस्तादांना गुरुपौर्णिमेला नारळ आणि यथाशक्ती दक्षिणा. हुतूतूच्या मैदानाला तर फक्कीच्या चार रेषा आणि दोन घागरी पाणी पुरे. घाम हीच वर्गणी होती म्हणा ना!

आज तसं राहिलेलं नाही. मोठ्या स्पर्धांतली कबड्डी मातीवरून मॅटवर गेली. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद; म्हणजे नुसतं मैदान झाकायलाच एक चौरस मीटरचे १३० तुकडे हवेत. मॅटवर अनवाणी चालत नाही, म्हणून बूट आले. शिवाय जिल्हा संघटनेची संलग्नता फी, स्पर्धेची प्रवेश फी, येण्याजाण्याचं भाडं, पट्ट्या-मलमाची पेटी आणि रात्रीच्या सरावाचं विजेचं बिल. कसब्यासारख्या दाट वस्तीत मोकळी जागाच नाही. म्हणून शाळेचं पटांगण मागावं लागतं, तिथेही काही द्यावं लागतं. २०१४ पासून दूरदर्शन संचावर व्यावसायिक कबड्डीचे झगझगीत सामने दिसतात आणि लोकांना वाटतं, आता या खेळात पैसाच पैसा आहे. तो वरच्या मजल्यावर आहे हो! ज्या आळीतल्या संघात तो खेळाडू पहिल्यांदा दम धरायला शिकला, त्या संघाचा खजिनदार अजून पावतीपुस्तकाची पानंच मोजतो आहे.

आपण एक साधा हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल. समजा, संघात ४० खेळाडू आहेत आणि वर्गणी महिना ५० रुपये आहे. वर्षाचे झाले २४,००० रुपये. कार्यवाह त्या हिशेबाने खर्च आखतो. प्रत्यक्षात नियमित देणारे निघतात २५. जमा होतात १५,०००. तूट ९,००० रुपयांची. आता ही तूट कोण भरणार?

इथेच खरी गोष्ट सुरू होते. सभेत कुणीतरी सद्गृहस्थ उठतात आणि म्हणतात, “राहू द्या, पोरांना कशाला त्रास? मी देतो.” टाळ्या पडतात. पुढल्या वर्षी बनियनवर त्यांचं नाव येतं. त्यातही काही वावगं नाही. त्याच्या पुढल्या वर्षी सरावाची वेळ त्यांच्या सोयीची ठरते. आणि मग एखाद्या वर्षी संघ निवडताना सातव्या खेळाडूच्या जागी त्यांचा पुतण्या उभा राहतो. कुणी बोलत नाही, कारण बोलण्याचा अधिकार सगळ्यांनी मिळून ९,००० रुपयांना विकलेला असतो. ज्याच्या चढाया चांगल्या तो पोरगा बाकावर बसतो, आणि महिन्याभराने यायचा बंद होतो.

देणगी वाईट असं मी म्हणत नाही. मोठ्या प्रसंगाला देणगीच लागते. १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले, त्याची सुरुवात पुण्यातच डेक्कन जिमखान्यावर झाली. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीला निघाले तेव्हा गावकऱ्यांनी यथाशक्ती पैसे दिले आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, आणि परतल्यावर कुस्त्या लढून हे ऋण फेडलं. ही उदाहरणं डोक्यावर घेण्याजोगीच आहेत. पण हेलसिंकी चार वर्षांतून एकदा येतं. विजेचं बिल दर महिन्याला येतं. रोजच्या खर्चाला रोजचाच आधार हवा. आमच्या तांबट आळीत पातेल्याला मठार देतात, ते पाहा. एकाच मोठ्या घावाने भांडं चेपतं. लहान लहान, सारख्या ठोक्यांनी ते पक्कं होतं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. बहुतेक संघ १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात. सात माणसं एकत्र आली की संस्था नोंदवता येते. त्याच कायद्याचं पंधरावं कलम सांगतं की, ज्या सभासदाची वर्गणी तीन महिन्यांहून अधिक थकली असेल, त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून त्याची गणतीही होत नाही. वार्षिक सभेत हे कलम खरोखर वाचून दाखवलं, तर कित्येक संघांत निम्मी सतरंजी रिकामी धरावी लागेल! उत्सवाची वर्गणी आणि संघाची वर्गणी यांतला फरक हाच. उत्सवाला आपण देतो ते दान. दिलं की विषय संपला. संघाला देतो त्याने हक्क विकत मिळत नाही, पण हक्क जागा राहतो. ५० रुपयांची पावती खिशात असलेला पोरगा उभा राहून विचारू शकतो, “सातवा खेळाडू कोणत्या कसोटीवर निवडला?”

पण गुरुजी, ज्याच्याकडे ५० रुपयेही नाहीत त्याचं काय? प्रश्न रास्त आहे. पेठेतली सगळीच घरं सुखवस्तू नाहीत. यावर बरेच खजिनदार दयाळूपणाने एक गोष्ट करतात: अशा मुलाकडे वर्गणी मागतच नाहीत. हेतू चांगला, पण परिणाम उलटा. वहीत त्याच्या नावापुढे थकबाकी चढत जाते आणि तीन महिन्यांनी तो बिचारा गणतीतूनच बाद होतो. तेव्हा वहीत ‘थकीत’ आणि ‘माफ’ असे दोन वेगळे रकाने हवेत. कार्यकारी मंडळाने घटनेत तशी तरतूद करून रीतसर ठराव करावा, आणि ती नावं सभेत मोठ्याने वाचू नयेत. त्या मुलाने मैदान शिंपलं, रेषा आखल्या, तर ते कामही सर्वांनी पाळीने करावं. एकट्या गरिबाच्या गळ्यात मारू नये.

दुसरी सावधगिरी आजीव सभासदांच्या पैशाची. अडचणीच्या वर्षी पाचपंचवीस आजीव सभासद करून घ्यायचे आणि ती रक्कम त्याच वर्षी खर्चून टाकायची, ही फार जुनी खोड आहे. त्या सभासदांकडून पुन्हा कधी वर्गणी यायची नाही, मात्र त्यांचं मत जन्मभर राहणार. ती रक्कम बँकेत मुदतीची ठेव म्हणून ठेवावी आणि फक्त व्याज खर्चावं. बियाणं दळून खाणाऱ्याने पुढल्या सुगीची आशा धरू नये.

तिसरी गोष्ट वहीची. नोंदलेल्या संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय कार्यालयाकडे दरवर्षी हिशेब द्यावाच लागतो. पण त्याच्या आधी तो खेळाडूंना द्यावा. दर महिन्याच्या पाच तारखेला जमा किती, खर्च किती, शिल्लक किती, या तीन ओळी फळ्यावर लिहा. हल्ली पैसे फोनवरून येतात. ते खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यात नकोत, संघाच्याच खात्यात यावेत, आणि पावती तरीही फाडावी. प्रामाणिक माणसावरचा संशय टाळायला याहून स्वस्त उपाय नाही.

आणि वर्गणी किती असावी? खेळाडूला देता येईल इतकी लहान, आणि दिली नाही तर चुकल्यासारखं वाटेल इतकी मोठी. दोन वर्षांनी ती सर्वसाधारण सभेत पुन्हा ठरवावी. एकतीस मार्चला हिशेबाचं वर्ष संपतं. त्याआधी एका संध्याकाळी, सराव आटोपल्यावर, आपापल्या संघाची वही मैदानावरच उघडा आणि लहानथोर सगळ्या खेळाडूंना भोवती बसवा. संघ कुणाच्या पैशावर चालला आहे, हे त्यांना त्या पानावर वाचता आलं पाहिजे.