मुलांची चरित्रे आणि रविवारची सुटी

थोरांची बालचरित्रे आम्ही कामगार वस्तीत वाटतो; वाटण्यापूर्वी वाचतोही. बहुतेकांतला नायक पाळण्यातच पुढारी झालेला असतो! आमच्या पोरांनी त्यातून काय घ्यावे?

नारायण मेघाजी लोखंडे घ्या. जन्म १८४८, ठाणे; आधी रेल्वेत व टपालात नोकरी, मग गिरणीत स्टोअरकीपर, १८८० पासून ‘दीनबंधु’चे संपादक. एवढे कोणीही लिहील. पण १८८४ साली गिरणी कामगारांचा जो अर्ज त्यांनी सरकारपुढे ठेवला, त्यावर ५,५०० जणांच्या सह्या होत्या. त्या जमविताना किती चाळी चढाव्या लागल्या असतील, मालकाच्या धाकातल्या माणसाला काय सांगून धीर दिला असेल, हे मुलांना सांगावयास नको काय? (सह्या जमविणे म्हणजे काय, ते आम्हांस विचारा!) १८९० च्या एप्रिलात सभेला १०,००० कामगार जमले, दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये मालकांनी आठवड्याची सुटी मान्य केली. बालचरित्रात त्या दोघींना एक ओळ मिळाली तरी पुष्कळ.

असे पुस्तक कोणी लिहिणार असेल, तर शंभर प्रतींचे पैसे आम्ही आगाऊ देऊ. मात्र अक्षर मोठे हवे. घरी आजीलाही वाचायचे असते.