जंगलाचा हिशेब बाईच्या वहीत



आम्ही मुलुंडच्या बचत गटातल्या बायका बोलतोय. आमच्या वस्तीमागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आहे. जंगल शेजारी असलं तरी राष्ट्रीय उद्यान म्हणून त्याचे नियम कडक, तिथून काहीही आणायला बंदी. पण आमच्यातल्या कितीतरी जणींचं माहेर शहापूर, मुरबाड, जव्हारकडचं. तिथल्या गावच्या जंगलावर गावाला हक्क मागता येतो. म्हणून आज बोलायचंय ते तुमच्या गावच्या जंगलाबद्दल, आणि त्याचा कारभार शिकण्याबद्दल.

तुम्ही म्हणाल, जंगल काय शिकायचं? मोह कधी गळतो, तेंदूची पानं कधी तोडायची, कुठलं लाकूड धूर कमी करतं, हे बाईला लहानपणापासून ठाऊक असतं. खरंच आहे. पण हे सगळं आपल्या डोक्यात असतं, कागदावर नसतं. आणि योजना कागदावर ठरते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला आपलं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा सामूहिक हक्क दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तो २००९ साली मिळाला, सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर. २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचं काम ग्रामसभेच्या हाती आलं आणि तिने आपला बांबू स्वतः विकला. पण हक्क मिळाला की पुढे व्यवस्थापनाचा आराखडा लागतो. तो करताना बाई तिथे नसेल, तर बांबू आणि साग मोजला जाईल. सरपण, मोह, औषधी पाला राहून जाईल. मग मोळीसाठीची पायपीट वाढेल ती आपलीच.

शिक्षणात काय असतं? चार काठ्या रोवून, दोरी बांधून आतली झाडं आणि रोपं मोजायची. खोडाचा घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर घ्यायचा. मोठी झाडं भरपूर आणि रोपं नाहीत, तर जंगल म्हातारं होतंय असं समजायचं. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात रोपं जळतात आणि वणवाही लागतो. त्यापेक्षा पाला झाडून घ्यावा किंवा खाली जाळी अंथरावी. बांबूच्या बेटातले यंदाचे कोंब तोडायचे नाहीत, पावसाळ्यात तोड करायची नाही. आणि किती माल निघाला, कुणाला विकला, पैसे किती आले, हे सगळं नोंदवहीत लिहायचं.

हे कुठे शिकता येतं? मुंबई विद्यापीठाने आदिवासी विकास विभागाबरोबर सामूहिक वनव्यवस्थापनाचं प्रशिक्षण गावातल्या लोकांसाठी चालवलं आहे. तुमच्या भागात असं काही आहे का, ते आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारा. मुलगी बारावी विज्ञान झाली असेल तर दापोली आणि अकोला इथल्या कृषी विद्यापीठांत वानिकीची चार वर्षांची पदवी आहे. ज्यांची शाळा सुटली त्यांनी गटातल्या लिहित्या मुलीला सोबत घ्यावं. ओळख आपली, अक्षर तिचं.

कायदा आपल्या बाजूने आहे. वनहक्क समितीत निदान एक तृतीयांश बायका हव्यात. वनहक्काच्या ग्रामसभेला गावातले निम्मे सभासद हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत निदान एक तृतीयांश बायका. नुसती सही करून घरी येऊ नका.

पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या गावाचा सामूहिक दावा झाला का? आराखडा कोण लिहितंय? त्यात सरपण आणि मोह आहे का? उत्तर मिळेल ते तिथेच वहीत लिहून घ्या, आणि गटाच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवा.