गाय उलटते, त्याचे मूळ गव्हाणीत



आपल्या व्यवसायात सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच आहे: गाय उलटते. दोनदा भरवली, तीनदा भरवली, गाभण राहत नाही. मग गर्भाशयात औषध सोडणे, संप्रेरकांची इंजेक्शने, दुसऱ्या वळूची कांडी, आणि शेवटी बाजार. यांतल्या बऱ्याच गायींच्या गर्भाशयात दोष सापडत नाही. त्यांच्या गाभण राहण्याचा निकाल बहुतेक वेळा विण्याआधीचे तीन आठवडे आणि विल्यानंतरचे काही आठवडे गव्हाणीत काय पडले यावर लागलेला असतो. उपचारांची सुरुवातही तिथूनच व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

साधा हिशेब मांडू. 450 किलो वजनाची संकरित होल्स्टीन गाय दिवसाला 20 लिटर दूध देते. शरीर चालवण्यासाठी तिला सुमारे 8 मेगाकॅलरी निव्वळ ऊर्जा लागते आणि दुधासाठी 14 च्या आसपास, म्हणजे एकूण 22. नुकत्याच विलेल्या गाईची भूक मंद असते. तिच्या पोटात 12 किलो शुष्क पदार्थ गेला आणि तो चांगल्या प्रतीचा असला, तरी 18 मेगाकॅलरीच मिळतात. उरलेली तूट ती स्वतःच्या अंगावरून भागवते आणि दिवसाला पाऊण-एक किलो वजन गमावते. दूध शिगेला पोचते सहाव्या ते आठव्या आठवड्यात, भूक मात्र दहाव्या ते बाराव्या. शिवाय लिटरभर दुधासाठी साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागते आणि ते आतड्यातून जवळजवळ मिळतच नाही. कोठीपोटात तयार होणाऱ्या प्रोपिओनिक आम्लापासून यकृताला ते घडवावे लागते. याच यकृतावर अंगावरची वितळलेली चरबी येऊन आदळते. सगळी जाळणे त्याला जमत नाही, काही चरबी तिथेच साठते, काहीचे कीटोन होतात, आणि कितनबाधा (कीटोसिस) उघड न दिसताही भूक आणखी मरते.

या तुटीची बातमी बीजांडकोशापर्यंत पोचते. रक्तातले इन्सुलिन उतरले की यकृत वाढीच्या संप्रेरकाला दाद देत नाही, आयजीएफ-1 घटते, मेंदूकडून एलएच या संप्रेरकाचे ठोके विरळ होतात. बीजपुटक वाढते, पण फुटण्याइतके पक्व होत नाही. माज लांबतो किंवा मुका राहतो. जॅक ब्रिट यांनी 1992 मध्ये मांडलेली उपपत्ती आणखी पुढे जाते: विल्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी फुटणारे बीजपुटक वाढीला लागलेले असते ते ऐन तुटीच्या दिवसांत, म्हणून त्यातले बीजही कमकुवत निघते. ती सर्वत्र तंतोतंत लागू पडते असे मी म्हणणार नाही, पण रेतन अचूक वेळी होऊनही गाय का उलटते, याचे एक पटणारे कारण त्या उपपत्तीत आहे.

पश्चिम महाराष्ट्रात या तुटीत आणखी भर पडते. ऊसतोडीच्या हंगामात गव्हाणी वाढ्यांनी भरतात. दहा किलो हिरव्या वाढ्यांत शुष्क पदार्थ जेमतेम तीन किलो, प्रथिने नाममात्र, आणि ऑक्झॅलेट मात्र भरपूर. त्यातले काही कोठीपोटातले जीवाणू मोडतात, उरलेले कॅल्शियमला बांधून शेणावाटे नेते. कॅल्शियम उतरले की गर्भाशयाचे आकुंचन मंदावते, वार अडकते, पुढे गर्भाशयाचा दाह. दूध वाढवायचे म्हणून एकदम मक्याचा भरडा वाढवला, तर कोठीपोट आंबते, रवंथ कमी होते, फॅट पडते. नुसती सरकी पेंड ओतली, तर ऊर्जेशी मेळ न बसलेल्या प्रथिनांचा युरिया होतो. दुधातील युरिया नायट्रोजन 100 मिलिलिटरला 19 मिलिग्रॅमच्या वर गेलेल्या गायींत गर्भधारणा घटते, हे कॉर्नेल विद्यापीठात बटलर आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये दाखवले. खुराक वाढवणे आणि आहार संतुलित करणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण गोठ्यावर पुरेसे सांगत नाही.

यावर म्हटले जाते की दोष जातीचा आहे, देशी गाय उलटत नाही. दिवसाला चार लिटर दूध देणारी गाय एवढ्या खोल तुटीत जातच नाही, म्हणून ही तुलनाच समान नाही. निवडपैदाशीने काही साधते, हे मला मान्य आहे. अमेरिकेत 2003 पासून वळूंच्या मूल्यमापनात मुलींचा गर्भधारणा दर धरला जाऊ लागला आणि प्रजननातली घसरण थांबली. पण प्रजननक्षमतेची आनुवंशिकता पाच टक्क्यांहूनही कमी मानली जाते. पिढ्या बदलेपर्यंत आजच्या गायीला उत्तर हवेच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विल्यानंतरची तूट नैसर्गिक आहे आणि पेंडीचे भाव शेतकऱ्याला झेपत नाहीत. तूट टळत नाही, हे खरे. पण ती किती खोल जाते आणि किती दिवस टिकते हे आपल्या हातात आहे. विताना पाचांपैकी तीन-सव्वातीन शरीरगुण (अंगावरची चरबी पाहून दिलेले गुण) असलेली आणि पुढे अर्ध्या गुणाच्या आत उतरलेली गाय वेळेवर माजावर येते. एक गुण गमावणारी मागे पडते. फार लठ्ठ होऊन विणारी गाय उलट कमी खाते. म्हणजे काम महागड्या पेंडीपासून सुरू होत नाही, ते भाकड काळापासून होते. दूध बंद म्हणून आपल्याकडे नेमक्या याच दिवसांत गाय उरल्यासुरल्या वैरणीवर ठेवली जाते. वाढ्यांच्या निम्म्या जागी मक्याचा मुरघास, सोबत थोडा कडबा, मोजून खनिज मिश्रण आणि विण्याआधी तीन आठवड्यांपासून हळूहळू चढवलेला खुराक, यांचा खर्च वाया गेलेल्या तीन कांड्या आणि लांबलेला भाकड काळ यांच्याशी ताडून पाहावा.

आणि निदानाचे एक साधन शेतकऱ्याच्या खिशात रोज पडते: दुधाची पावती. संकलन केंद्रावर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) या मापावर भाव ठरतो. नव्याने विलेल्या गाईची फॅट चढली की घर खूश होते. पण त्याच पावतीवर एसएनएफ उतरलेले असेल, तर ती चढलेली फॅट बहुधा गाईच्या अंगावरची आहे. एकत्र दुधाच्या पावतीवर हे कळणार नाही, म्हणून पंधरवड्यातून एकदा त्या गाईचे दूध वेगळे तपासावे लागेल.

म्हणून या अधिवेशनापुढे माझा प्रस्ताव असा: आपल्या प्रत्येक कृत्रिम रेतन नोंदवहीत तीन रकाने वाढवावेत. विण्याच्या दिवशीचा शरीरगुण, रेतनाच्या दिवशीचा शरीरगुण आणि विल्यानंतरच्या पहिल्या महिन्यातील त्या गाईची फॅट-एसएनएफ. हे रकाने भरल्याशिवाय कोणत्याही गाईला उलटणारी म्हणून संप्रेरकाचे इंजेक्शन लिहू नये.